डाव्या बाजूची पेटी

रविवार, १९ जानेवारी. मिरजेत सकाळी गार वारा, दहानंतर स्वच्छ ऊन.

"पेटी कुठं गेली रे?"

बाबालालचाचांनी हेडफोन गळ्यात उतरवला.

"आहे की, चाचा," भरतेश आवाज चढवून म्हणाला.

"गाणारे बुवा ऐकू येतात. तबला येतो. पेटी नाही."

हा तिसरा रविवार होता, आणि तिन्ही रविवारी प्रश्न हाच.

बाबालाल मुजावर हे मिरजेतले जुने रेडिओवाले. पन्नास वर्षं त्यांनी व्हॉल्व्हचे सेट दुरुस्त केले, आता वय एक्याऐंशी. भरतेश चौगुले त्यांच्याच टेबलाशी बसून सोल्डरिंग शिकला होता. चाचांचे कान आताशा मंद झाले होते. स्पीकरवरचं गाणं त्यांना गढूळ ऐकू येई. म्हणून भरतेशने त्यांच्यासाठी घरीच हेडफोनचा अ‍ॅम्प्लिफायर बनवला होता.

ऐकायचं होतं एकच रेकॉर्डिंग. दोन वर्षांपूर्वी एका घरगुती बैठकीत भरतेशने दोन माइक लावून ते केलं होतं, एक बुवांजवळ, एक पेटीजवळ. पेटीवर चाचांचा धाकटा भाऊ होता, हमीद.

गेल्या पावसाळ्यात हमीद वारला. त्याचं वाजवणं एवढ्या एकाच ठिकाणी उरलं होतं.

"पहिल्या रविवारनंतर काय बदललंस?" चाचांनी विचारलं.

"कपॅसिटर."

"आणि मागल्या?"

"डाव्या बाजूचा व्हॉल्व्ह. अर्धा तास तापू दिला, मग सगळं पुन्हा लावून घेतलं."

"आणि पेटी?"

"मीटरवर येते, चाचा. हा बघा, काटा हलतोय."

"मग मीटरलाच ऐकव."

आतल्या खोलीतून चाचांच्या सुनेच्या हसण्याचा आवाज आला.

भरतेशच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. त्याने मशीनचं झाकण काढलं. चार महिन्यांचं काम होतं ते. पुढे काचेचे दोन व्हॉल्व्ह, मागे ट्रान्झिस्टर. "आजा पुढं, नातू मागं," चाचा पहिल्या दिवशी म्हणाले होते. "घरात भांडणं नाहीत ना?"

भांडणं नव्हतीच. प्रत्येक बाजूला स्वतंत्र व्हॉल्व्ह, स्वतंत्र वीजपुरवठा, आणि मधोमध पत्र्याचा पडदा. तो पडदा भरतेशने कानशीने घासून घासून तीनदा बसवला होता.

"डावीकडचा आवाज उजवीकडं थेंबभरसुद्धा सांडत नाही, चाचा. बाजारातल्या महागड्या मशीनमध्येही एवढं—"

"पेटी."

"डावीकडं आहे."

चाचांनी हेडफोन हातात घेतला, उलटा फिरवला, आणि डावीकडची वाटी उजव्या कानावर बसवली.

डोळे मिटले. थोड्या वेळाने त्यांची बोटं मांडीवर हलायला लागली.

"आला," ते म्हणाले. "हमीद आला."

भरतेशने मशीनचं झाकण परत हातात घेतलं.

"पण बुवा गेले." चाचांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "आता हा साथ कुणाला करतोय?"

भरतेश उठून त्यांच्या डाव्या बाजूला गेला. तिन्ही रविवारी चाचांनी त्याला उजव्या हाताला बसवलं होतं, हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं.

त्याने चाचांच्या डाव्या कानावरची वाटी हलकेच बाजूला सारली आणि त्या कानाशी चुटकी वाजवली.

पापणीही हलली नाही.

तो पुन्हा समोर येऊन बसला. चाचांनी डोळे उघडले, हेडफोन खाली घेतला.

"हा कान कधीपासून?"

"रमजानपासून."

"म्हणजे मी पहिल्या रविवारी आलो, तेव्हाही..."

"तेव्हाही."

"मग सांगितलं का नाही?"

"तू मशीनला विचारत होतास. मधे कशाला बोलायचं?"

"दोन्ही बाजू एकत्र जोडाव्या लागतील," भरतेश हळूच म्हणाला. चाचांना ऐकू गेलं नाही. त्याने मोठ्याने पुन्हा सांगितलं.

"जोड की."

"मग या पडद्याला काही अर्थ उरत नाही."

"नाही उरत."

"पण पडदा घालायला तुम्हीच शिकवलंत. शेजारच्या घरातलं बोलणं या घरात ऐकू येता कामा नये, म्हणाला होतात."

"म्हणालो होतो."

"मग ते चूक होतं?"

"छे. बरोबर होतं."

भरतेश पत्र्याच्या पडद्याकडे पाहत बसला. कडेला त्याने स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर बारीक कोरलं होतं. सुनेने चहा आणून ठेवला, तो कुणी घेतला नाही.

"काय रे, इस्त्री थंड झाली का तुझी?" चाचा म्हणाले. सोल्डरिंगच्या कावियाला ते इस्त्रीच म्हणत.

"नाही. तापलीय."

"मग?"

भरतेशने काविया उचलला. पडद्यावरून एक वायर नेली, दोन रेझिस्टर लावले आणि डावी-उजवी बाजू, आवाज आत शिरतो त्या तोंडाशीच, एकत्र केली. सगळे मिळून चार टाके. मशीन चालू केलं. व्हॉल्व्हमधली तार लाल झाली. घड्याळ लावून वीस मिनिटं तो थांबला. मग दोन्ही बाजूंतला फरक मोजला.

शून्य.

त्याने हेडफोन सरळ करून चाचांच्या डोक्यावर ठेवला आणि रेकॉर्डिंग पहिल्यापासून लावलं.

चाचा बसून राहिले. बोटं हलली नाहीत. भरतेश त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होता, आणि त्या चेहऱ्यावर त्याला काहीच वाचता येईना. शेवटी न राहवून त्याने त्यांच्या गुडघ्याला हात लावला.

"ठीक आहे का, चाचा? आवाज थोडा वाढवू? की..."

चाचांनी डोळे न उघडता त्याचा हात धरला.

"गप. हमीद वाजवतोय."