म्हाकूच्या बांधावरची भलरी

अहो पाव्हणं, पायताण काढा आधी! हा म्हाकूचा बांध आहे, इथं पाटीलसुद्धा अनवाणी येतो. आणि त्या बाया गाता गाता शेवटाला गप्प झाल्या, त्याचं हसू येतंय होय? बसा, सांगतो.

भलरी म्हणजे कापणीचं गाणं. एकानं ओळ टाकायची, बाकीच्यांनी झेलायची, आणि त्या ठेक्यावर सगळ्यांचे विळे चालायचे. ठेका चुकला की शेजारणीचं बोट गेलंच समजा. पात, म्हणजे कापायला घेतलेला पट्टा, संपली की ओळ टाकणारा मोठ्यानं ‘भलरीऽ’ म्हणतो. मग सगळे विळे उगारून उभे राहतात.

फार जुनी गोष्ट. ऐन गव्हाच्या कापणीत वीस पेंढारी गावात घुसले म्हणे. चार म्हातारे कापून मुंडकी वेशीला टांगली, गडी कोंडले आणि चाळीस बायांना रानात हाकललं. ओळ टाकणाऱ्या म्हाकूला ह्याच बांधावर गुडघ्यांवर बसवून मानेवर तलवार धरली.

“कापा गहू,” पेंढाऱ्यांचा नाईक म्हणाला. “गाणं थांबलं, की ह्याचं मुंडकं उडालं. गहू झाला, की पोरी बी नेणार.”

म्हाकूची बायको गिरजा. ओळ तिनं घेतली. सूर हलू दिला नाही. गाता गाता पात तेवढी बांधाकडं वळवली. बाया काय ते समजल्या. पेंढारी बांधावर बसून माना डोलवत होते, मेले!

शेवटची पेंढी पेंढाऱ्यांच्या पायाशीच कापली. आता एक ‘भलरीऽ’ म्हटलं की विळे उठणार, आणि तिचा धनी जाणार. गिरजेच्या तोंडून तो शब्द काही निघेना. तीच ओळ पुन्हा, पुन्हा, पुन्हा. विळे नुसत्या धसकटांवर फिरत होते. तिची स्वतःची लेक तिच्या शेजारीच विळा फिरवत होती. नाईकाला संशय आला, तो उठायला लागला.

म्हाकूनं मान वर केली. “गिरजे, सोड आता,” म्हणाला, आणि त्यानंच साद घातली, “भलरीऽ!”

तलवार म्हाकूच्या मानेवर पडली. चाळीस विळेही पेंढाऱ्यांवर पडले. गळे चिरले, पोटं फाटली, बांध रक्तानं निसरडा झाला. नाईकाला गिरजेनंच उभा चिरला. विसांतला एकही परत गेला नाही, असं सांगतात. मग ती धन्याचं डोकं मांडीवर घेऊन दिवस मावळेपर्यंत रडली.

पुढं तीस वर्षं ओळ तिनंच टाकली, पण शेवटचा शब्द कधी म्हटला नाही. “त्यो त्येंचा हाय,” म्हणायची.

आजही ह्या रानात तो शब्द कुणी म्हणत नाही. बाया बांधाकडं तोंड करून गप्प होतात. म्हाकूचा आवाज येतो का विचाराल, तर मला कधी आला नाही. पण चाळीस विळे एकदम उठतात, एकही मागंपुढं होत नाही. ती बघा, पात संपत आली. बोलू नका आता.