कळी गळालेले माणिक

एका राज्यात डोंगरातून कडू चीक पाझरत असे, आणि त्या चिकाचा गोड रस करणारे पाषाणयक्ष तिथे राबत. त्या रसावरच सारी प्रजा जगे. दुसरे अन्न त्या भूमीत उगवतच नव्हते. प्रत्येक यक्षाच्या छातीत एक लाल माणिक, आणि माणकावर एक इवलीशी कळी. यक्षाने चिकाला हात लावला की कळी उमले, काम झाले की मिटे.

एके वर्षी काय झाले, यक्ष थिजू लागले. हात चिकात तसाच, आणि यक्ष निश्चल. राजा रणधवलाने खाणीतून नवी माणके आणवली, पण ती छातीत शिरेनात. दरबारचा मांत्रिक भैरवदत्त म्हणाला, "महाराज, हा मृत्यूचा शाप आहे. यांना फोडावे आणि त्याच दगडातून नवे यक्ष घडवावे."

"घडवायला किती काळ लागेल?" राणी कुवलयेने विचारले.

"एक पिढी, राणीसाहेब."

"तोवर लोक काय खातील?"

राणीच्या मनात मात्र वेगळेच काही घोळत होते. निजलेला यक्ष कधी थिजला नव्हता. राबणाराच का थिजतो? तिने राजाकडे पौर्णिमेपर्यंतची मुदत मागून घेतली आणि ती निखाऱ्यांच्या डोंगरावर गेली. तिथे एक बोलणारा धनेश पक्षी राहत असे.

धनेश म्हणाला, "तीन कामे आहेत. आधी पाहा. मग ऊब दे. मग हात काढ. तिसरे सर्वांत अवघड."

"ते का?"

"तिथे गेलीस की कळेल." त्याने चोचीतला एक निखारा तिच्या ओंजळीत ठेवला. निखाऱ्याने ती भाजली नाही. तिच्याच अंगची ऊब पिऊन तो फुलत गेला.

परतून राणी राजाला घेऊन थोरल्या यक्षापाशी, शिलाभद्रापाशी गेली; धनेशही मागोमाग उडत आला. नवी नवरी म्हणून ती आली, तेव्हा रसाचा पहिला पेला त्यानेच तिच्या हाती दिला होता. छातीच्या फटीशी दिवा धरून तिने आत पाहिले. माणिक जागेवर होते, पण वरची कळी गळाली होती. उमलता उमलता ती कधीतरी निसटली असावी. आणि उरलेल्या माणकाला छातीने अशी घट्ट मिठी मारली होती की नव्याला जागाच नव्हती.

"हा मेलेला नाही," राणी हळूच म्हणाली. "अडकला आहे."

तिने निखारा मुठीत धरून हात फटीत घातला. ऊब दगडात उतरू लागली. तिची बोटे गार पडली, मग मनगट, मग कोपर. छाती सैल झाली. कळी नसलेले माणिक घरंगळून खाली पडले. शेजारच्या राबत्या यक्षालाही तिने कुतूहलाने दुसरा हात लावून तीच ऊब देऊन पाहिली. त्याची छाती मुळीच हलली नाही. ज्याचे माणिक धड आहे, त्याला ही ऊब उघडत नव्हती.

राजाने नवे माणिक पुढे केले. पण राणीचा एक हात अजून शिलाभद्राच्या छातीतच होता. काढला आणि छाती रिकामीच मिटली तर?

"तुझा हात आत आहे तोवर माणिक बसेल कुठे?" धनेश म्हणाला.

राणीने डोळे मिटले आणि हात काढला. माणिक आपसूक आत गेले. कळी उमलली. शिलाभद्राने दीर्घ श्वास घेतला आणि चिकातला हात फिरवला.

"हे पुन्हा होईल का?" राणीने विचारले.

"होईल. राबणाऱ्यांच्या कळ्या गळतात," धनेश म्हणाला.

खाली पडलेले माणिक भैरवदत्ताने पुढे येऊन उचलले. अशा माणकांवर नव्या कळ्या बसवण्याची विद्या त्याच्यापाशी होती, आजवर ती कोणी मागितली नव्हती. यक्ष फोडायला आणवलेले घण राजाने परत पाठवले. राणीने गार पडलेला हात पदरात गुंडाळला, दुसऱ्या हातात निखारा घेतला आणि ती पुढच्या यक्षापाशी गेली. संध्याकाळी नगरात घरोघरी पेले भरले. तसेच ते ऐकणाऱ्यांच्या घरीही भरोत.