कुलूप परदेशी, डोकं माहेरचं

इंटरनेट नवं होतं तेव्हाची गोष्ट. खातेदारांचे पासवर्ड कुणी वाटेत वाचू नयेत, म्हणून सांगलीच्या एका सहकारी बँकेला सुरक्षा-सॉफ्टवेअर हवं होतं. परदेशी कंपनीचा एजंट सारखा घड्याळ बघत होता.

"पासवर्ड सांकेतिक करणारं मजबूत कुलूप देशाबाहेर द्यायला आमच्या सरकारची बंदी आहे. तुम्हाला कच्च्या कुलपाचंच लायसन्स मिळेल. घेताय की निघू? तसलं कुलूप बनवणारं डोकं इथं आहे कुठं?"

संचालक चुळबुळले.

"ते मजबूत कुलूप बनवलं कुणी?" संगणक विभागाच्या सुलभाताईंनी विचारलं.

"आमच्या चीफ इंजिनिअर मृदुला ताम्हनकरांनी."

"माझी नणंद! परवा गौरींसाठी माहेरी येतेय. मग तिचं डोकं काय तुमचं सरकार विमानतळावर जमा करून घेणार?"

एजंटचं घड्याळ बघणं थांबलं.