गारोबाचा बर्फ

पृथ्वीवर गवताचं पातंही उगवलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. शनी आणि युरेनस यांच्या मधल्या गारठ्यात गारोबा नावाचा बर्फाचा एक मोठा गोळा सूर्याभोवती फिरायचा. स्वभावाने भारी संशयी. सूर्याच्या थोडं जवळून वाकी नावाची त्याची शेजारीण फिरायची. तिच्याभोवती बर्फाचं एक नाजूक कडं होतं.

ते कडं गारोबाच्या डोळ्यांत सलायचं. ‘हिच्याकडे एवढा बर्फ आला कुठून? माझाच असणार!’ पण बाहेरून त्याला वाकीची अंधारी पाठच दिसायची. तिच्यावर नीट पाळत ठेवायची म्हणून तो आपली वाट सोडून तिच्या उजेडाच्या बाजूला, सूर्याकडे सरकला. फेरी संपता संपता त्याला अंग हलकं वाटू लागलं.

“बघ, चोरी झालीच!” तो ओरडला.

“अहो गारोबा, तुम्हाला ऊन लागतंय,” वाकी म्हणाली. “आपल्या जागी परत जा.”

“म्हणजे तुला रान मोकळं!” असं म्हणून तो आणखी आत सरकला, आणि बघता बघता निम्मा झाला.

वाकीला राहवलं नाही. “चोर शोधताय ना? मग एकदा मागे वळून बघा.”

गारोबा वळला. त्याच्याच अंगातून उडालेला बर्फ लांबलचक पांढरी शेपटी होऊन मागे चमकत होता. तो कितीतरी वेळ बघत राहिला.

“अस्सं,” तो दातओठ खात म्हणाला, “माझ्या मागावर हेरही सोडलास तर!”

आणि त्या शेपटीला चुकवायला तो सुसाट पळत सुटला, थेट सूर्याकडे.