भुंग्याचे पंजे

“…मग तो झुरून मरेल का हो, तात्या?”

या एका प्रश्नानं मला तीन रात्री जागं ठेवलं होतं. आता तो विचारताना मात्र कानकोंडं झालं. एम.एस्सी. झालेली बाई मी.

तात्या चाळीस वर्षं सरकारी दवाखान्यात गुरांवर उपचार करत होते. आता टेकडीवरच्या मठात राहतात. लोक त्यांच्याकडे जनावरं आणतात, नाहीतर शंका.

मी दोन्ही आणलं होतं, आमचा कुत्रा भुंगा आणि ही शंका. शिवाय पाच वर्षांची माझी लेक, ओजू.

“काय होतंय याला?”

“पंजे चाटतो. चाटून चाटून केस गेलेत. कान खाजवतो. गणपती झाले, हे जहाजावर गेले, की सुरू. दरवर्षी. यांच्या आठवणीनं झुरतोय तो.”

फोनमध्ये निरोप लिहून तयार होता. *भुंगा तुमच्यापायी आजारी आहे. काम सोडून या.* पाठवायचं तेवढं बाकी होतं.

तात्यांनी भुंग्याची बोटं फाकवली. मधली कातडी लालबुंद. कान उलटून पाहिले. केस विंचरून पिसवा शोधल्या. मिळाल्या नाहीत.

“गेल्या वर्षी कधी गेले तुझे मालक?”

“गणपती झाल्यावर…”

मी थांबले. गेल्या वर्षी ते गेलेच नव्हते. पाय मोडला होता. दसऱ्याचा फोटो आठवला, तात्यांना सांगितला. प्लास्टरमधला पाय स्टुलावर, खाली भुंगा.

“काय करत होता फोटोत?”

“…पंजा चाटत होता.”

तात्या उठले. अंगणाच्या कडेला कमरेएवढं गवत तुऱ्यावर आलं होतं. त्यांनी एक तुरा तोडला आणि आपल्या काळ्या घोंगडीवर झटकला.

पिवळी भुकटी पडली.

“हे,” ते म्हणाले. “पाऊस ओसरला की उडतं. काहींच्या कातडीला सोसत नाही. कुत्र्याच्या, मांजराच्याही. फिरवून आणलंस की पाय धू, बोटांमधून कोरडे कर. तालुक्याच्या दवाखान्यात दाखव, औषध ते देतील. आपल्या मनानं माणसाचं मलम लावू नकोस, चाटेल.”

म्हणजे बरा होणार होता. मला हायसं वाटायला हवं होतं.

“म्हणजे त्याला यांची आठवण येतच नाही?”

माझा आवाज असा का आला, कोण जाणे.

“मी कातडी बघतो, पोरी.”

“पण तुम्हाला काय वाटतं?”

“घरी त्याच्याजवळ कोण असतं दिवसभर?”

मी ओजूकडे पाहिलं. ती भुंग्याच्या पोटावर डोकं टेकून पडली होती.

“मग तिला विचार.”

विचारायचा धीर होईना. ती ‘नाही’ म्हणाली असती, तर माझ्याजवळ पाठवायला काय उरलं असतं? शेवटी तात्यांनीच विचारलं.

“काय गं, भुंग्याला तुझ्या पप्पांची आठवण येते?”

“येते ना.”

“मग पंजे चाटतो?”

ओजूनं त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू त्यांना काहीच कळत नसावं.

“पंजे खाजतात म्हणून चाटतो. आठवण आली की नुसता बसून राहतो. आई पप्पांचं कपाट उघडून बसते ना, तसा.”