गेनबा शिंप्याचं आतलं माप

एका गावात गेनबा नावाचा एक भोळा शिंपी राहायचा. सांगितलेलं काम तो सांगितल्याबरहुकूम करायचा, अडचण तेवढीच होती.

एकदा त्याच्या छातीत दुखलं. शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी मनगटातून एक बारीक तार थेट हृदयाच्या रक्तवाहिनीत सरकवली. तारेच्या टोकाला इवलासा दिवा. औषधाचं पाणी सोडून त्यांनी रक्त क्षणभर बाजूला सारलं, आणि वाहिनीचं आतलं चित्र पडद्यावर उमटलं. तीन मिलिमीटर. वाहिनी उघडी राहावी म्हणून त्याच मापाची जाळी बसवली.

"बाहेरून काही कळत नाही, गेनबा. माप आतून घ्यायचं."

"आणि आमची हयात गेली बाहेरून टेप फिरवण्यात."

घरी येतो तो बायको सगुणा दारातच उभी. "पाटलांच्या हणमंताचं लगीन ठरलंय. कोट आपल्याकडं दिलाय. बिघडवलात तर सगळं गाव तालुक्याच्या शिंप्याकडं जाईल."

"नाही बिघडायचा. नवं शिकून आलोय."

आधी दगडूबुवा आले. भजनाच्या पेटीला गवसणी हवी होती. गेनबाने पेटी उघडून आतून मोजली. गवसणी काही पेटीवर चढेना.

"अरे, गवसणी काय पेटीच्या पोटात घालतात? वर दिसतं ते मोज."

"बरं, बुवा."

मग पाटील बंडीचं माप द्यायला आले. थंडी होती, अंगावर घोंगडं होतं. गेनबाने वर दिसलं ते मोजलं. त्या बंडीत पाटील मावले, पाटलीणबाई मावल्या, वर पाहुण्यांना जागा उरली.

"गाढवा, घोंगडं मोजलंस. वरचं सगळं बाजूला सार आणि आतला माणूस मोज. पोराच्या कोटाला असं केलंस तर तुझं मशीन विहिरीत टाकीन."

"चुकलं, पाटील. आतलाच मोजतो."

हणमंत आला. गेनबाने त्याचा सदरा उतरवला, बनियन उतरवलं, आणि विचारात पडला. वर अजून कातडी होतीच.

"नवरदेव, तांब्याभर पाणी प्या."

"ते कशाला?"

"वाट मोकळी होते. आता आ करा."

त्याने बॅटरी लावली आणि टेप जिभेवरून आत सोडला. हणमंत ओकारी देत काहीतरी म्हणाला.

"बोलू नका, माप हलतं."

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड कोटासाठी खोळंबलं होतं. गेनबाने खिशातून पुडी काढून उलगडली. आत बोटभर कोट होता. दोन खिसे, तीन गुंड्या, आतून रेशमी अस्तर.

पाटलांनी तो चिमटीत उचलून धरला. "हा घालायचा कसा?"

गेनबाने पाण्याचा पेला पुढे केला.

"एका घोटात, पाटील. चावू नका म्हणावं, इस्त्री मोडेल."