पुंजाचं स्वस्तातलं पिस्तूल

आटपाट नगर वगैरे काही नव्हतं, डाळिंबाच्या बागांचं एक साधं गाव होतं. त्या गावात एक भोळा माणूस राहायचा. नाव पुंजा. मनाने अगदी सोनं, डोक्याचं मात्र विचारू नका. कुणी काही सांगितलं की तो म्हणायचा, "बरं झालं सांगितलंत, आता लक्षात ठेवीन." आणि खरंच ठेवायचा. घोळ तिथेच तर व्हायचा!

पुंजाचं एकही काम टिकेना, म्हणून त्याची बायको सरजा रागावून माहेरी गेली होती. जाताना सांगून गेली, "धड काम मिळवा, आठवडाभर टिकवून दाखवा, मगच मला न्यायला या." पुंजाला तिच्यावाचून करमेना. भाकरीसुद्धा गोड लागेना.

तेवढ्यात गावातले बागाईतदार दामूअण्णा यांना बागेसाठी राखण्या हवा झाला. डाळिंबं पिकायला आली होती आणि चोरांचा सुळसुळाट होता. अण्णा म्हणजे पक्के चिक्कू. त्यांनी दुकानातलं सगळ्यात स्वस्त छर्ऱ्याचं पिस्तूल आणलं आणि पुंजाच्या हातात दिलं.

"मारायचं नाही कुणाला, नुसता धाक दाखवायचा. पण आधी तालुक्याच्या चांदमारीवर जाऊन चालवून बघ. शेलार उस्ताद 'ठीक' म्हणाले तर काम तुझं."

निघताना पुंजाच्या आईने बजावलं, "स्वस्तातली वस्तू आहे बाबा. फुटकी असेल. वाजवून बघ."

झालं! चांदमारीवर माणसं ओळीने उभी राहून नेमबाजी करत होती. पुंजाही ओळीत उभा राहिला. त्याने पिस्तूल कानाशी धरलं आणि बोटाने टकटक वाजवायला लागला. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने.

शेलार उस्ताद फौजेतून निवृत्त झालेले. मिशी ही एवढी. ते धावत आले. "अरे, मडकं आहे का ते? नेम धर! एक डोळा मिट, श्वास रोख आणि चाप ओढ!"

"बरं झालं सांगितलंत."

पुंजाने डोळा मिटला, श्वास रोखला, चाप ओढला. पिस्तूल गप्प. स्वस्तातलंच ते, अडकलं. पण श्वास सोडायचं कुणी सांगितलंच नव्हतं. पुंजा आधी लाल झाला, मग जांभळा झाला, मग धपकन वाळूत पडला.

उस्तादांनी तोंडावर पाणी मारलं. "अरे शहाण्या, हातातली वस्तू नीट चालत नसेल तर ती खाली ठेवायची, हात वर करायचे आणि मागे सरकायचं!"

"बरं झालं सांगितलंत."

बिचारा घाबरलाय म्हणून उस्तादांनी त्याला चहा दिला. कढत चहा. पुंजाची जीभ पोळली. म्हणजे हातातली वस्तू काही नीट चालत नव्हती. त्याने कप खाली ठेवला, दोन्ही हात वर केले आणि मागे सरकत गेला. मागे उस्तादांची सायकल उभी होती. पुंजा सायकलीवर, सायकल चुलीवर, आणि सगळ्यांचा चहा मातीत.

"अरे देवा! मागे काय आहे ते आधी बघायचं नाही का?"

"आता बघीन उस्ताद. अगदी शपथ."

पुन्हा सगळे ओळीत उभे राहिले. सगळ्यांनी नेम धरला. आणि पुंजा? पुंजा तरातरा चालत थेट निशाणाच्या फळीमागे जाऊन वाकून बघत होता! उस्तादांनी शिट्टीवर शिट्टी मारली.

फळीमागून पुंजाचं डोकं वर आलं. "मागे नुसती माती आहे. मारा खुशाल!"

उस्तादांचा जीव कंठाशी आला होता. रागाने मिशी थरथरत होती. "अरे मूर्खा! समोर माणूस आला की सगळ्यांनी हत्यार खाली ठेवायचं, आणि तो आपलं काम उरकून जाईपर्यंत गप उभं राहायचं! हा चांदमारीचा पहिला नियम! तुझ्यामुळे सगळे खोळंबलेत बघ!"

"बरं झालं सांगितलंत."

मग उस्तादांनी अडकलेलं पिस्तूल मोकळं करून दिलं आणि एकदाचा पुंजाने छर्रा उडवला. पिस्तुलाची खोड डावीकडे मारायची, पुंजाचा नेम उजवीकडचा. दोघांचं जमलं आणि छर्रा निशाणाच्या मधोमध बसला. उस्तादांनी वर आभाळाकडे बघितलं, हात जोडले आणि म्हणाले, "ठीक आहे. जा आता. इकडे पुन्हा येऊ नकोस."

काम मिळालं! पुंजाने सरजाला निरोप धाडला. बागेत तो छाती काढून फिरायला लागला. एक दिवस गेला, दोन गेले, आठवडा भरत आला. उद्या सरजाला आणायचं म्हणून स्वारी खुशीत होती.

आणि त्या भर दुपारी टेम्पो घेऊन चोर आले. पुंजा पिस्तूल घेऊन पुढे झाला. चोर जागच्या जागी थिजले. पण समोर माणसं आलेली! पुंजाने ताबडतोब पिस्तूल खाली ठेवलं आणि गप उभा राहिला.

चोर एकमेकांकडे बघायला लागले. "काय रे, अडवणार नाहीस?"

"छे हो. तुम्ही तुमचं काम उरका. मी थांबतो."

त्यांनी सावकाश उरकलं. पाणीसुद्धा प्यायले. अर्धी बाग टेम्पोत भरली आणि जाताना पिस्तूलही उचलून नेलं.

अण्णा फटफटीवरून आले. बाग बघून मटकन बसले. मग विचारलं, "आणि पिस्तूल?"

"ते घेऊन गेले."

अण्णा ताडकन उठले. "अरे, उद्या त्यांनी ते कुणावर रोखलं तर पोलीस माझ्या दारात येतील! डाळिंबं गेली उडत! ही घे फटफटी, गाठ त्यांना. काय वाट्टेल ते कर, पण पिस्तूल परत आण. आणलंस तर काम राहील, नाहीतर आत्ताच सुटलास!"

पुंजाच्या डोळ्यांसमोर सरजा उभी राहिली. त्याने फटफटीला अशी किक मारली की धुरळाच उडाला.

दिवस मावळायला आला तरी पुंजाचा पत्ता नाही. अण्णांना धाकधूक. अन् एकदम बांधावरून पुंजा येताना दिसला. पायी. घामाघूम. पण हातात पिस्तूल!

"शाब्बास रे पठ्ठ्या!" अण्णांना भरून आलं. त्यांनी त्याला मिठीच मारली. "दिलं कसं त्यांनी?"

"आधी देतच नव्हते, अण्णा. लई घासाघीस झाली. शेवटी फटफटीवर तयार झाले."

अण्णांचे हात गळून पडले.

पुंजाने पिस्तूल त्यांच्या हातात ठेवलं आणि लाजत लाजत म्हणाला, "काम राहिलं ना, अण्णा? मग उद्या सरजाला आणायला जाईन म्हणतो. फटफटी तेवढी लागेल. तुम्ही त्या चोरांना एक शब्द टाकता का?"